वाळवंटातली सक्त मणाई

"पिंगळीला वाळवंट? काका, पिंगळीला रेल्वे स्टेशन आहे. वाळवंट राजस्थानात असतं!"

अर्पितानं एवढं ठणकावून सांगितलं, तरी दिनकरकाकांचा उत्साह कमी होईना. हातातला मोबाइल नाचवत ते म्हणाले, "अगं, जाहिरात तर वाच! 'डेझर्ट नॅशनल पार्क, परभणी. वाळूच्या टेकड्या, उंटाची सवारी, सँड बोर्डिंग!' पिंगळीच्या पुढं माळावर आहे. परवा उद्घाटन. पण मालक भुजंगराव आपले फेसबुकवरचे दोस्त, म्हणून आज आपल्याला खास आमंत्रण!"

"पण सर, नॅशनल पार्क सरकारचं असतं. त्याला मालक कसा?" शेजारच्या नागसेननं विचारलं.

"नाव आहे रे ते! चौकातलं नॅशनल हेअर कटिंग सलून काय सरकारचं आहे?"

यावर नागसेननं हात टेकले. दिनकरकाका त्याच्याच शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे सुट्टीत तास ओढवून घेण्यासारखं होतं. शिवाय शाळेची सहल याच वाळवंटात न्यायची, असं काकांनी भुजंगरावांना कबूल करून टाकलं होतं. फेसबुकवर तसं जाहीरही केलं होतं. काका चहा प्यायले तरी फेसबुकवर जाहीर करायचे.

अर्पिताचा धाकटा भाऊ गोपाळ गूळ-शेंगदाण्याची पुडी खिशात कोंबून कधीच तयार झाला होता. मागे राहिली होती एकटी बबिता. ती नागसेनची मामेबहीण. गंगाखेडजवळच्या, अगदी गोदावरीच्या काठावरच्या टाकळीहून सुट्टीला आली होती. आल्यापासून ती हसली म्हणून कोणाला आठवत नव्हतं.

"तू नाही येणार वाळवंट बघायला?" अर्पितानं विचारलं.

"त्यात काय बघायचं?" बबिता म्हणाली. "आमच्या घरामागंच व्हतं की वाळवंट."

गोपाळ खो खो हसला. "टाकळीत वाळवंट? मग उंट पण होते काय?"

"गंगेचं, गोदावरीचं वाळवंट म्हणायलीय मी! नदीचं. तितं आमी खेळायचो, बाबा टरबुजं लावायचे."

"बरोबर आहे तिचं," काका लगेच शिकवायला लागले. "नदीकाठच्या वाळूच्या पट्ट्यालाही वाळवंट म्हणतात आणि राजस्थानात असतं तेही वाळवंटच. शब्द एक, अर्थ दोन. परीक्षेला येऊ शकतं!"

अर्पिताचे कान मात्र भलत्याच शब्दावर टवकारले होते. तिला घरात सगळे फौजदारीण म्हणत. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत तिच्या संशयातून कोणी सुटलेलं नव्हतं. आणि अधूनमधून तिचा संशय खरा निघायचा, हीच मोठी पंचाईत होती.

"वाळवंट *होतं* म्हणजे? आता नाही?" तिनं विचारलं.

बबितानं मान खाली घातली. "न्हाई. चोरून नेलं."

पुढचं नागसेननं सांगितलं. सिद्धोधनमामा, म्हणजे बबिताचे बाबा, टाकळीचे कोतवाल. नदीवर नजर ठेवणं त्यांचं काम. तरी उन्हाळाभरात हायवा, म्हणजे मोठाले डंपर, लावून कोणीतरी सगळी वाळू उपसून नेली होती. कुठं गेली, कोणी नेली, काही पत्ता नाही. मग गावात कुजबूज सुरू झाली की कुंपणच शेत खातंय, कोतवालच चोरांना सामील आहे! आता उद्या गंगाखेडला मामांची चौकशी होती. तोवर खरा चोर सापडला नाही, तर त्यांची नोकरी जाणार होती. नोकरीपेक्षाही जास्त काहीतरी जाणार होतं. टाकळीतली माणसं बबिताच्या आईशी पाणवठ्यावर बोलेनाशी झाली होती.

"चल गं बबिता, तेवढंच मन रमेल," काका म्हणाले आणि सगळे टमटममध्ये बसले.

मे महिना चांगलाच तापला होता. पिंगळी मागे पडली, कापूस निघून गेलेली काळी रानं दोन्ही बाजूंना भेगाळून पडली होती. माणूस नाही की काणूस नाही! आणि तेवढ्यात अर्पिता ओरडली, "काका, रस्ता बघा!"

डांबरी रस्त्याच्या कडेनं एक ओली रेघ चालली होती. कुठं बारीक, कुठं जाड, पण तुटत नव्हती.

"त्यात काय! पाण्याचा टँकर गेला असेल," काका म्हणाले.

"टँकरचं पाणी स्वच्छ असतं. या पाण्यात चिखल आहे," अर्पिता म्हणाली. "आणि एवढ्या उन्हात अजून वाळलं नाही. म्हणजे जे काही गेलंय ते आत्ताच गेलंय!"

"फौजदारीणबाई, पाण्याला तरी सोडा!" नागसेननं हात जोडले.

पण ती रेघ पाहून बबिता ताठ बसली होती. "वल्ली वाळू," ती हळूच म्हणाली. "नदीतून उपसलेली वाळू अशीच गळती. आमच्या गावच्या रस्त्यावर सारखी अशी रेघ दिसायची."

मग सगळे वाकून रेघ बघू लागले. ओली रेघ मुख्य रस्ता सोडून माळाच्या कच्च्या वाटेला वळली. टमटमही तिकडंच वळली! आणि रेघ थेट एका रंगीत कमानीखालून आत शिरली. कमानीवर लिहिलं होतं, 'डेझर्ट नॅशनल पार्क'.

"खम्मा घणी! पधारो सा!"

भला मोठा लाल फेटा, पिळदार मिशा आणि बोटात अंगठ्या. हेच भुजंगराव! त्यांच्या एका हातात उंटाची दोरी होती. उंटाचं नाव बादशहा. आजूबाजूला चांगला कुसळी गवताचा माळ होता, आणि त्याच्या मधोमध वाळूच्या खऱ्याखुऱ्या टेकड्या उभ्या होत्या. एका टेकडीच्या पायथ्याशी गवत अजून वाळूखाली अर्धवट दबलेलं दिसत होतं. टेकडी इथलीच असेल, तर तिच्याखाली गवत कसं, असा अर्पिताला प्रश्न पडला.

"भुजंगराव, ही वाळू इथं आली कशी?" काकांनी विचारलं.

"हजारों साल पुरानी रेत है, सरजी! राजस्थान से हवा के साथ उड़कर..."

नेमकं तेव्हाच बादशहानं आपला पाय त्यांच्या पायावर ठेवला.

"आगं आय गं! मेलो, मेलो! काढ की पाय मुडद्या!"

उंट बाजूला झाला. भुजंगरावांनी चटकन मिशीवर हात फिरवून "रामराम सा" म्हटलं खरं, पण आता फार उशीर झाला होता. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"राजस्थान आपल्या मानवतच्या अलीकडं आहे का पलीकडं?" नागसेन अर्पिताच्या कानात पुटपुटला.

भुजंगराव लंगडत तंबूत पाय शेकायला गेले. काका उंटाभोवती फिरून फोटो काढू लागले. गोपाळनं चपला भिरकावल्या आणि तो टेकडीवर धावला. धावला तसाच एका पायावर उड्या मारत परत आला.

"काहीतरी टोचलं!"

अर्पितानं पाहिलं. त्याच्या तळव्याखाली एक शिंपला होता. बाजूला उकरलं तर आणखी शिंपले निघाले. कोपरभर उकरल्यावर वाळू गार लागली आणि मुठीत धरली तर तिचा लाडू झाला!

"काका, वाळवंटातली वाळू ओली असते का? आणि त्यात शिंपले असतात का?"

काकांनी शिंपला डोळ्यांजवळ धरला. त्यांचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे लाखो वर्षांपूर्वी इथं समुद्र असणार! हा शिंपला म्हणजे जीवाश्म!"

"पण सर, मराठवाडा लाव्ह्यापासून झालाय, असं तुम्हीच शिकवलंत ना?" नागसेन म्हणाला.

"ते सहामाहीपुरतं," असं काहीतरी पुटपुटत काका पुन्हा उंटाकडे गेले.

"मी घसरतो रे!" गोपाळ तोवर पुन्हा टेकडीवर पोहोचला होता. तिथं सँड बोर्ड ठेवला होता. बोर्ड कसला, भलामोठा पत्राच होता तो. बसायला टोचू नये म्हणून त्यावर गोणपाट चिकटवलेलं. गोपाळ त्यावर बसला आणि "हुर्रे!" करत निघाला. अर्ध्यावर पत्रा वाकडा झाला, गोणपाट टर्रकन फाटलं, गोपाळ एकीकडे आणि पत्रा दुसरीकडे. तो घरंगळत येऊन नेमका बबिताच्या पायाशी थांबला.

गोणपाट निघालं तिथं निळ्या रंगाची अक्षरं दिसत होती. बबितानं उरलेलं गोणपाट ओरबाडून काढलं. मग ती पत्र्यासमोर मटकन खालीच बसली.

*येथून वाळू उपसा करण्यास सक्त मणाई आहे.*

"साफ चूक आहे ही! मनाईत नळाचा न असतो, यात बाणाचा ण आहे," नागसेन म्हणाला.

"माह्या बाबानं लिवलंय हे," बबिता म्हणाली.  "बाबा शाळंत 'पानी', 'लोनी' म्हणायचे. गुर्जी लय हाणायचे. तवापासून चूक व्हाया नगं म्हणून बाबा सगळीकडंच बाणाचा ण लिवतेत. मी चिडवलं व्हतं त्यास्नी ही पाटी रंगवताना! आमच्या वाळवंटात रोवली व्हती ती."

म्हणजे ही टेकडी! अर्पितानं वर पाहिलं. राजस्थान नाही की समुद्र नाही. टाकळीचं चोरीला गेलेलं वाळवंट त्यांच्यासमोर ढीग होऊन पडलं होतं, आणि वाळू उपसायची मनाई करणाऱ्या पाटीवरच लोक घसरगुंडी खेळणार होते!

"क्या हुआ बच्चालोग?" भुजंगराव लंगडत आले. उघडी पाटी दिसताच त्यांनी ती झटकन पालथी केली. "हा पत्रा भंगारातून घेतला आहे. ठेवा तिकडं."

"भंगारातला न्हाई! माह्या बाबाची पाटी हाय ती. टाकळीचे कोतवाल हायत ते!" बबिता ताडकन उभी राहिली.

भुजंगरावांच्या तोंडावरचा रंग क्षणभर उडाला. पण माणूस महाबिलंदर. लगेच मिशीतल्या मिशीत हसून ते म्हणाले, "कोतवालाची लेक व्हय? मंग घरी जाऊन बापालाच इचार की, पाटी माझ्याकडं कशी आली ते. त्यानंच दिली असंल!"

पाटी काखोटीला मारून ते तंबूकडे निघून गेले.

अर्पिताच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला. पाटी चोराकडे आहे, हे खरं. पण ती चोरून आणली, का कोणी आपण होऊन दिली? उद्या चौकशीत हीच पाटी पुढं आली, तर लोक म्हणतील, बघा, कोतवालाचे आणि चोराचे संबंध होते! आणि खरंच असले तर? प्रश्न तिच्या तोंडून निसटलाच.

"बबिता, रागावू नकोस. पण तुझ्या बाबांनी खरंच..."

"तू बी?" बबिता एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती पाठ फिरवून उभी राहिली.

अर्पिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फौजदारीण कसली, आपण तर टाकळीच्या कुजबुजणाऱ्या माणसांसारख्याच! पण रडून आणि वाईट वाटून घेऊन बबिताच्या बाबांची नोकरी वाचणार नव्हती. पाटी कशी आली, हे कोणाला ठाऊक असणार? भुजंगरावांना. ते तर सांगणार नाहीत. मग आणखी कोणाला?

"वाळू घेऊन येणाऱ्याला!" ती एकदम म्हणाली. "नागसेन, परवा उद्घाटन आहे आणि ती पलीकडची टेकडी अजून अर्धीच झाली आहे. आपण यायच्या जरा आधीच एक हायवा येऊन गेलीय. म्हणजे आणखी येणार! तू मामांना फोन लाव. म्हणावं, चौकशी करणाऱ्या साहेबांनाच घेऊन इकडं या."

नागसेननं आईचा फोन खिशातून काढला आणि तो बाजूला पळाला. थोड्या वेळानं धापा टाकत परत आला. "निघालेत! मामा गंगाखेडच्या कचेरीतच होते. चौकशी करणाऱ्या मंडळ अधिकारी मॅडम आधी ऐकेनात. पण 'मणाई' सांगितल्यावर म्हणाल्या, ती पाटी मी पाहिली आहे. गाडी काढलीय त्यांनी!"

"गोपाळ, तुझ्याकडं गूळ किती उरलाय?"

गोपाळनं पुडी घट्ट धरली. "कशाला?"

"बादशहाला कमानीखाली आडवा उभा करायचाय. वाट अडवायला."

"माझा गूळ उंटाला?" गोपाळ कळवळला. मग त्यानं बबिताच्या पाठीकडे पाहिलं, एक मोठा उसासा टाकला आणि तो उंटाकडे चालू लागला.

आता राहिले काका. अर्पिता त्यांच्याकडे लाडिकपणे गेली. "काका, तुम्ही उंटावर बसून फेसबुक लाइव्ह करा ना! वरून सगळं वाळवंट किती मस्त दिसेल!"

"अगं, माझ्या मनातलं बोललीस!"

उंट बसला, काका चढले, उंट उठला आणि काका "आरारारा" करत कसेबसे टिकले. गोपाळ पुढं गूळ दाखवत चालला, त्याच्या मागं बादशहा आणि वरती काका. कमानीखाली येऊन वरात थांबली. काकांनी मोबाइल उंच धरला. "नमस्कार मित्रांनो! मी आत्ता आहे परभणीच्या वाळवंटात..."

इतक्यात धूळ उडवत हायवा आलीच. ताडपत्री झाकलेली आणि मागून पाणी टपटपतंय! समोर उंट पाहून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि तो खाली उतरला. चेहरा साधाभोळा, खांद्यावर गमछा.

"कोन उंट आडवा घातलाय? मालकाला सांगा, लिंबाजी आलाय. वाळवंटातली वाळू आनलीय, कुठं वतू?"

"अगं बाई! वाळवंटातून आलात?" अर्पितानं डोळे मोठे केले आणि पाण्याची बाटली पुढं केली. "राजस्थान म्हणजे केवढं लांब! किती दमला असाल हो काका!"

लिंबाजी पाणी प्यायला आणि खदखदून हसला. "राजस्थान? पोरी, तेवढं डिझेल मालक देतेत व्हय? टाकळीच्या वाळवंटातली हाय ही. गंगेतली! भाकर खाल्ली, निघालो अन् हितं आलो."

"काय?" वरून काकांचा चिरका आवाज आला. मोबाइल मात्र अजून उंचच होता.

आता खरा प्रश्न.  उत्तर वाईट आलं तर? अर्पितानं बबिताकडे पाहिलं. बबिता कमानीचा खांब दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिनं हलकेच मान हलवली. *इचार.*

"पण टाकळीला कोतवाल आहे ना? तो कसं नेऊ देतो वाळू? तुमच्यातलाच आहे वाटतं?"

"त्यो सिद्धोधन? नाव काढू नगं!" लिंबाजीनं गमछ्यानं तोंड पुसलं. "लय खट मानूस! एकदा बिननंबरच्या हायवाम्होरं आडवा झोपला. म्हनला, घाल माह्या अंगावरून! मालकानं नाव न सांगता फोनवर समजावून बघितलं, दम दिऊन बघितलं, बधलाच न्हाई. मंग आमी काय करायलोत, त्यो कामाला गंगाखेडला गेला की तितं जेसीबी लावायलोत. त्याची पाटी बी मीच उपटली! चांगला जाड पत्रा व्हता, टाकून कशाला द्यायचा? मालकाला म्हनलं, लेकरं घसरतेल!"

बबिता खांबाला कपाळ टेकून रडू लागली. पण हे रडणं वेगळं होतं, अर्पिताला ते बरोबर कळलं. तिचेही डोळे भरून आले.

"लिंब्या! तोंड बंद कर!" भुजंगराव लंगडत, फेटा सावरत धावत आले. "गाडी मागं घे! पळ!"

"असं कसं? मालक, आत्ताच तर म्हनला, लवकर आन..."

"भुजंगराव, हे सगळं लाइव्ह चाललंय हो!" उंटावरून काका ओरडले. "आपले हेडमास्तर व्यंकटरावसुद्धा बघतायत. त्यांनी विचारलंय, हे काय चाललंय?"

"बंद करा ते!"

"कसं करू? एका हातानं उंट धरलाय!"

लिंबाजीनं घाईघाईत हायवा मागं घेतली, तर मागची चाकं रस्त्याकडेच्या मऊ मुरमात रुतली. आता बाहेर निघायचं तर पुढूनच, पार्कातून वळसा घालून. आणि पुढं बादशहा! भुजंगरावांनी दोरी खेचली. गोपाळनं गुळाचा शेवटचा खडा बादशहाच्या पायाशी ठेवला. बादशहानं तो खाल्ला, भुजंगरावांकडे एकदा तुच्छतेनं पाहिलं आणि काकांसकट कमानीखाली ऐसपैस बसकण मारली. मग त्याला ढकला, ओढा, शिव्या घाला, तो हूं की चूं करेना.

"मालक, उंटावरून हायवा न्हेऊ काय?" लिंबाजीनं विचारलं. भुजंगरावांनी डोक्यावरचा फेटा काढून जमिनीवर आपटला.

सगळे असे अडकून पडलेले असतानाच जीप आली. आतून मंडळ अधिकारी रुख्मिणी मॅडम उतरल्या, आणि त्यांच्या मागून एक उंच, वाळलेला माणूस. त्याची दाढी वाढलेली होती.

"जय भीम मामा!" नागसेन ओरडला. बबिता धावत गेली आणि बाबांच्या कमरेला तिनं मिठी मारली.

मॅडमनी हायवावरची ताडपत्री उचलली. टेकडीची वाळू मुठीत घेतली. काकांचा मोबाइल घेऊन लिंबाजीचं सगळं भाषण सावकाश ऐकलं. मग भुजंगरावांकडे वळून त्या म्हणाल्या, "वाळवंट सुरेख आहे तुमचं. फक्त ते टाकळीचं आहे. चला, पंचनामा करायचाय. आणि वाळूचा कण न् कण नदीत परत टाकायची तयारी ठेवा."

"मॅडम, उद्या मी किती वाजता येऊ चौकशीला?" सिद्धोधनमामांनी खालच्या आवाजात विचारलं.

"या वेळेवर," मॅडम म्हणाल्या. "पण चौकशी यांची आहे. तुमची साक्ष आहे. टाकळीत दवंडी देऊनच सांगते मी, की कोतवाल हायवापुढं आडवा झोपला होता." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि तुम्ही! आमच्या माणसांना उन्हाळाभर जमलं नाही ते एका दुपारी केलंत. शाब्बास रे पोरांनो!"

 सिद्धोधनमामांनी एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. गोपाळला विचारलं, "तुला काय दिऊ, लेका?"

"गूळ!" गोपाळ म्हणाला आणि सगळ्यात आधी बबिताच हसली. सुट्टीभरात पहिल्यांदा!

अर्पिता तिच्याजवळ गेली. "बबिता, मी तुझ्या बाबांवर संशय घेतला. चुकलं माझं."

"लय राग आला व्हता मला," बबिता म्हणाली. "पर तूच इचारलंस म्हणून साऱ्या दुनियेला कळलं. आता दुसऱ्यावर घे संशय, माह्या बाबावर नगं!"

"अरे, मला कोणी उतरवणार आहे का?" वरून काकांचा केविलवाणा आवाज आला. उंट बसलेला होता, तरी घाबरून त्यांनी पाय घट्ट आवळले होते. "मला बोलायचंय! मुलांनो, शिंपला पाहूनही मला समुद्र आठवला, नदी आठवली नाही. भूगोलाच्या मास्तरला! उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. आणि सहल जाणार, पण टाकळीला. खरं वाळवंट बघायला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजानं बादशहा दचकून उठला आणि काका अलगद वाळूत येऊन पडले.

निघताना सिद्धोधनमामांनी तंबूतून आपली पाटी आणली. बाहीनं तिच्यावरची वाळू पुसली. मॅडमनी ती वाचली आणि हसून म्हणाल्या, "कोतवाल, नदीवर पुन्हा लावण्याआधी एवढी दुरुस्ती करून घ्या. मनाईतला न नळाचा. बाणाचा नाही."

मामा ओशाळले. "करतो जी. आजच रंग घेतो."

"न्हाई बाबा!" बबितानं पाटी दोन्ही हातांनी धरली. "मॅडम, ऱ्हाऊ द्या तसाच. बाणाचाच बरा हाय. नेमका लागला की!"

मॅडमनी पाटीकडे पाहिलं, मग बबिताकडे, आणि पाटी जीपमध्ये ठेवायला सांगितली. टाकळीच्या वाळवंटात ती आजही तशीच उभी आहे.